चिंधी बांधलेली काकडी

आमच्या सेक्टर दहाच्या क्वार्टरांखाली सकाळी काकडीवाला आला की मी खिडकी लावून घेते. शेजारच्या वच्छलाबाईंना वाटतं, मला भाव परवडत नाही. ज्या बाईनं डोक्यावर टोपली घेऊन याच सेक्टरांचे रस्ते तुडवले, तिला भाव कुणी शिकवू नये. परवा त्या काकडीवाल्यानं खालून हाक दिली, 'एकदम कोवळी है बाई, उंगली जैसी!' मी वरून त्याला असं काही सुनावलं की बिचारा गाडी ढकलत पुढच्या ब्लॉकला निघून गेला. त्याचा काय दोष? राग माझ्या नाकावर जन्मापासूनच आहे. गेल्या भाद्रपदात गयाबाईंना आणायला गेले, तेव्हापासून तो माझा मलाच येतो आणि निघतो मात्र गाडीवाल्यांवर.

गयाबाई माझ्या मोठ्या जाऊबाई. आमचे सासरे भंडाऱ्याकडचे. रेल्वेच्या गँगमध्ये काम करत करत दुर्गपर्यंत आले आणि नोकरी संपल्यावर परत न जाता कुरुदच्या शिवेवर त्यांनी दोन एकरांची बाडी घेतली. बाडी म्हणजे कुंपण घातलेला भाजीचा मळा, मध्ये विहीर, कडेला दोन खोल्यांचं घर. त्यांचे मुलगे दोन, गुलाबराव आणि शामराव. गुलाबराव लग्नानंतर सातव्या वर्षी तापानं गेले, मागे मूलबाळ नाही. गयाबाई माहेरी निघून गेल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं, पण त्या राहिल्या, आणि खरं सांगायचं तर त्या राहिल्या म्हणून बाडी राहिली. शामराव म्हणजे माझे मालक. पोलादाच्या कारखान्याचं बांधकाम निघालं तसे ते आधी मातीकामाला गेले, मग आत पर्मनंट झाले, आणि बाडी आम्हा दोघी जावांवर आली. त्या पिकवायच्या आणि मी विकायची.

थंडीत मेथी, वांगी आणि भेदरं, म्हणजे लोक ज्याला टमाटे म्हणतात ते. उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर कांदे आणि अंबाडी. पावसाळ्यात कुंपणावर दोडके, वाफ्यात बरबटी, म्हणजे चवळीच्या शेंगा, आणि शेपू, मांडवावर काकडी. कारखाना यायच्या आधी मी कुरुदला आणि आठवड्याच्या बाजारात बसायची. अर्धी भाजी धानावर जायची. समोरची बाई सुपातलं धान माझ्या पोत्यात ओतायची आणि मी तेवढी वांगी तिच्या पदरात घालायची. मग कारखान्याच्या वसाहतीचे सेक्टर उभे राहिले आणि देशोदेशीची माणसं आली. मद्राशाला कढीपत्ता हवा, बंगाल्याला भोपळ्याची फुलं, पंजाब्याला पाल्यासकट मुळा. मी तीन वर्षांत सगळ्यांच्या जिभा ओळखायला शिकले. गयाबाई म्हणायच्या, 'हिरा दगडबी विकून येईन.' मला ते फार आवडायचं.

काकडीचं बी मात्र गयाबाईंचं. आमच्यात लेक सासरी निघाली की तिची आई ओटीत तांदूळ-नारळाबरोबर आपल्या परसातलं एखादं बी घालते. गयाबाईंच्या ओटीत वैनगंगेकाठच्या काकडीचं बी आलं. जाड सालीची, पोटावर पिवळट पट्टा असलेली काकडी; चावली की पाणी हनुवटीवर यायचं. ते बी धरायची रीत होती. प्रत्येक वेलाचं बुडाजवळचं पहिलं फळ बियासाठी ठेवायचं. ते बोटाएवढं असतानाच त्याच्या देठाला चिंधी बांधायची. एकदा चिंधी बांधली की ते कुणी तोडायचं नाही, ते वेलावरच पिवळं, मग तांबूस होऊन तडकेपर्यंत राहायचं. शेंड्याकडच्या फळाचं बी दुबळं निघतं म्हणून पहिलंच फळ. आणि चिंधी कुठलीही चालत नाही, लहान लेकराच्या दुपट्याची लागते, वेल लेकुरवाळा व्हावा म्हणून.

दुर्गा जन्मायच्या आधी गयाबाई शेजारणींकडून जुनं दुपटं मागून आणायच्या. मूल नसलेल्या बाईनं दुसऱ्याच्या लेकराचं दुपटं मागायला जाणं म्हणजे काय, याचा मी तेव्हा विचारसुद्धा केला नाही. माझी दुर्गा झाली, तिचं निळ्या ठिपक्यांचं दुपटं धुऊन धुऊन विरलं, आणि गयाबाईंनी ते मागितलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका उजळला की मी थट्टा केली, 'सोनं मांगून राहिल्या का वो, बाई?' त्यांनी त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि दरवर्षी धुऊन, वाळवून त्याच वापरल्या.

दुर्गा त्यांच्याच मागे वाढली. मी दिवसभर टोपली घेऊन बाहेर. त्यांना ती 'मोठी माय' म्हणायची. कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवायचं नाही, फळ सडतं, बोट मुडपून दाखवायचं, हे तिला त्यांनी शिकवलं. मी घरी आले की पोरगी पाहुणी आल्यासारखी माझ्याकडे बघायची. मला ते लागायचं. बोलले कधीच नाही, पण मनात साठत गेलं, आणि साठलेलं कुठेतरी फुटतंच.

एकोणसाठ सालचा पाऊस आधीच जोरात लागला. काकडीची पहिली लावण वाफ्यातच कुजली. गयाबाईंनी मडक्यातलं उरलंसुरलं सगळं बी काढून दुसऱ्यांदा लावलं आणि मडकं पालथं करून कोपऱ्यात ठेवलं. 'आता जे हाय ते मांडवावर हाय,' त्या म्हणाल्या. वेल धरले अकरा. पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी बुडाजवळ फळं धरली आणि निळ्या ठिपक्यांच्या अकरा चिंध्या मांडवाखाली दिसायला लागल्या.

त्याच पावसाळ्यात मला रशियन मेम भेटली. कारखान्यात रशियन इंजिनियर होते, त्यांची कुटुंबं सेक्टरांत राहायची. या बाईनं पहिल्या दिवशी माझी शेपूची सगळी जुडी उचलली. आपल्या घरांत शेपू म्हटलं की निम्मी माणसं नाक मुरडतात, आणि ही बाई ती नाकाशी धरून हसते! फुलावर गेलेला, जून झालेला शेपू तर तिला जास्तच प्रिय. मग तिनं माझ्या काकड्या पाहिल्या, हातात घेतल्या, मान हलवली आणि आपली करंगळी माझ्यासमोर धरली. तिच्याकडे फकिरा नावाचा राजनांदगावकडचा स्वैपाकी होता. त्यानं सांगितलं, 'इतनी छोटी मांगत है. नमक-पानी में डालत हैं, कांच की बरनी में, सोया के संग.' सोया म्हणजे आपला शेपूच. बोटाएवढ्या काकडीला ती पोसलेल्या काकडीचा भाव द्यायला तयार होती.

मी घरी येऊन सांगितलं तर गयाबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. 'कवळी नाई तोडाची, हिरा. फूल गळलं नाई अजून तिचं.' मी म्हटलं, 'बाई, खाणाऱ्याले पायजे तर आपलं काय जाते?' मग मी त्यांची पाठ वळली की पाच-सहा तोडायची आणि पदराखालून न्यायची. त्यांना कळत होतंच. मांडवावर कुठल्या पानाआड काय आहे हे ज्या बाईला पाठ, तिच्यापासून काय लपणार?

एके दिवशी मेम जीपमध्ये बसून थेट आमच्या बाडीत आली. कुरुदची निम्मी वस्ती कुंपणाशी गोळा झाली. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. त्या गावात आमच्याकडे जीप कधी कुणासाठी आली होती? मेम मांडवाखाली गेली आणि आनंदानं एकेका फळाला बोट लावून दाखवत सुटली, चिंधी बांधलेल्यांनासुद्धा. गयाबाईंनी धावत जाऊन आपला पदर त्या फळांवर धरला. मेमला वाटलं हा काही खेळ आहे, ती हसली. फकिरा हसला. मीही हसले. गयाबाई एकट्या हसल्या नाहीत.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी फकिरा निरोप घेऊन आला. रशियनांमधली काही कुटुंबं परत देशी चालली होती, मोठं जेवण होतं, बरण्या भरायच्या होत्या. उद्या सकाळी दोन टोपल्या बोटाएवढ्या काकड्या हव्यात. 'मेम बोलिस, हिरा ला बोलबे, अउ कोनो ला नहीं.' हिरालाच सांग, दुसऱ्या कुणाला नाही! माझं नाव त्या गोऱ्या बाईला पाठ होतं. मी हो म्हणून बसले. अकरा वेलांवर दोन टोपल्या कोवळ्या काकड्या कुठून येणार, याचा हिशोब नंतर.

सकाळी झडीचा पाऊस लागला होता. मी डोक्यावर पोतं घेऊन मांडवाखाली शिरले आणि हाताला येईल ते ओरबाडायला लागले. वेल ताणले गेले, शेंडे मोडले. एक टोपली भरली, दुसरी अर्धी राहिली. वर काही उरलं नाही. उरल्या त्या बुडाजवळच्या अकरा. तेवढ्यात गयाबाई आल्या, त्यांच्या लुगड्याला धरून दुर्गा.

'ह्या चिंधीवाल्या सोड,' त्या म्हणाल्या. 'बाकी सारा मांडव ने, मी काई म्हनत नाई. पन ह्या अकरा ठेव. मडक्यात बी नाई, हिरा.'

कोवळं न तोडण्याचा जन्माचा नेम त्यांनी माझ्यासाठी सोडला होता. मागत होत्या त्या फक्त अकरा फळं. आणि त्या अकरांनी माझी टोपली भरणार नव्हती, हे मला समोर दिसत होतं. मी बहुतेक थांबलेही असते. पण दुर्गा म्हणाली, 'माय, मोठ्या मायचं आयक ना.' तिथं माझं डोकं फिरलं.

'तुह्या पोटी काई आलं नाई,' मी गयाबाईंना म्हणाले, 'म्हून तू काकड्यायले लेकरं समजून राहिली. अन् माही लेकबी तशीच आंगाले लावून घेतली.'

घरात आल्या दिवसापासून मी त्यांना 'तुमी' म्हणत होते. एकेरीवर आले ती त्याच दिवशी, आणि तेही हे बोलायला.

त्या बाजूला झाल्या. 'तोड,' एवढंच म्हणाल्या. आणि मी तोडल्या. अकराच्या अकरा, विळ्यानं. चिंध्या सोडून चिखलात टाकल्या आणि टोपल्या घेऊन निघाले. मेमनं माझ्या गालाला हात लावला, काहीतरी गोड बोलली, फकिरानं चहा दिला. तो चहा मी प्यायले. परत आले तर गयाबाई पावसात वाकून चिखलातून चिंध्या वेचत होत्या, आणि दुर्गा त्यांच्यामागे उभी राहून वेचलेल्या मोजत होती.

पुढच्या फुलांचं फळ बियाला धरू, दुबळं तर दुबळं, असं मी मनाशी म्हटलं. पण ताणलेल्या वेलांवर झडीचा पाऊस पडत राहिला, पानांवर केवड्याचा रोग पडला आणि आठ दिवसांत मांडव पिवळा होऊन बसला. गयाबाई रोज सकाळी जाऊन पाहून यायच्या. नवव्या दिवशी त्यांनी गाठोडं बांधलं.

'बी आनाले जातो माहेरी,' त्या शामरावांना म्हणाल्या. मालक त्यांना दुर्गच्या स्टेशनावर गाडीत बसवून आले. दुर्गा दोन दिवस जेवली नाही.

आता आमची रीत सांगते, कारण सगळं त्यातच अडकलं. घरची सून माहेरी गेली, रागानं गेली की कामानं, म्हातारी असो की कोवळी, ती आपल्या पायानं परत येत नाही. सासरहून कुणीतरी न्यायला जावं लागतं, तरच तिचा मान राहतो. हे मला ठाऊक नव्हतं का? पण मी सोयीचं धरून बसले. त्या रागावून थोड्याच गेल्यात, बी आणायला गेल्यात, काम झालं की येतील. शामराव दोनदा म्हणाले, 'मी जाऊन घेऊन येऊ का वहिनीले?' मी म्हटलं, 'त्यायचा भाऊ पोचवून देईन ना.' ज्यानं टाकून बोललं असेल त्यानंच न्यायला जायचं असतं, आणि ते मला नको होतं. त्यांच्या समोर उभं राहायचं, पदर पसरायचा आणि ते वाक्य परत घ्यायचं.

वर्षानं, पुढच्या काकडीच्या दिवसांत, चिंधू आला. हा गयाबाईंच्या माहेरच्या गावचा, दुर्ग लाइनीवर गँगमन. चहा पीत म्हणाला, 'गयाबाईनं सांगतलं हाय, बी भेटलं.'

'मंग घेऊन या म्हना,' मी म्हणाले.

चिंधूनं माझ्याकडे पाहिलं. कप खाली ठेवला आणि डोक्याला टापसी बांधून निघाला. 'बी भेटलं' म्हणजे 'आता न्यायला या', हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मलाही कळलंच होतं.

मग एकेक मोसम निघत गेला. थंडीत वाटायचं, वांग्याचा भर ओसरला की जाईन. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी. पावसात निंदण. काम कुणाला नसतं? न जाणाऱ्याला बाराही महिने कारण सापडतं. मांडवाची जागा मी दोडक्यांना दिली. एकटीनं पिकवायचं आणि एकटीनं विकायचं होईना. बाडीचा एकेक वाफा पडीक राहायला लागला. सहा वर्षांनी मालकांना सेक्टर दहात क्वार्टर मिळालं, वरच्या मजल्यावरचं, नळाचं पाणी, विजेचा दिवा. बाडीला गिऱ्हाईक आलं तेव्हा शामराव म्हणाले, 'वहिनीले विचाराले पायजे. तिचाबी हिस्सा हाय.' कागदावर नाव एकट्या शामरावांचं होतं. मी म्हटलं, 'त्या काय आता येऊन राहिल्या?' आणि बाडी गेली. घेणाऱ्यानं तिथं विटांचा भट्टा घातला. मांडवाखालची माती सगळ्यात आधी खणली. कुजक्या पाल्यानं वर्षानुवर्षं पोसलेली ती काळी माती त्याच्या कामाची नव्हती, म्हणून ती वेगळी काढून रस्त्याच्या खड्ड्यांत टाकली. विहीर तेवढी राहिली, भट्ट्याच्या पाण्यासाठी.

गेल्या श्रावणात दुर्गाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. मुलगा रेल्वेत, डोंगरगडला. घरात मी लाडवांचं बोलत होते आणि दुर्गा, जी आता घरातसुद्धा निम्मं हिंदीतच बोलते, म्हणाली, 'मोठी माय नहीं आएगी तो मैं मांडवात उभी नाही राहणार. तू जा आणायला. बाबा नाही, तूच.' पोरीला नऊ वर्षांपूर्वीचं सगळं आठवत होतं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ना, तशी मी निघाले.

तुमसर रोडला उतरून पुढे बैलगाडीनं गावात पोचले. गयाबाई भावाच्या, केवलरामच्या घरी परसात बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली. मी वाटभर काय काय जुळवून आणलं होतं. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, 'आली का? जाय, हातपाय धू.' जशी मी सेक्टरातून रिकामी टोपली घेऊन आले होते.

त्यांच्या मागे मांडव होता. मांडवाखाली, बुडाजवळ, निळ्या ठिपक्यांच्या चिंध्या. ठिपके आता नुसते डाग उरले होते. मी उभ्या उभ्या रडायला लागले. पाया पडायला वाकले, पण ते वाक्य परत घ्यायचं होतं ते तोंडातून निघालंच नाही. त्यांनी वेलावरची पोसलेली काकडी तोडली, चिरून मीठ लावून माझ्या हातात दिली. तेच पाणी हनुवटीवर आलं.

'पह्यल्याच वर्सी बी धरलं,' त्या म्हणाल्या. 'चिंधूजवळ सांगून धाडलं होतं.'

'होय,' मी म्हणाले.

'दरसाल नवं करतो. जुनं बी रुजत नाई.' मग त्यांनी विचारलं, 'बाडीत मांडव कोनीकडं घालते आता?'

मी सांगायला हवं होतं. तोंडात त्यांचीच काकडी होती. मी म्हटलं, 'तिथंच. विहिरीपाशी.'

केवलराम म्हणाला, रात्रभर राहा, उद्या जा. पण गयाबाईंचं गाठोडं तयार होतं. खरोखरच तयार होतं, कोनाड्यात बांधून ठेवलेलं. केवलरामच्या बायकोनं मला आत बोलावून सांगितलं, दर भाद्रपदात त्या ते सोडतात, लुगडी उन्हात घालतात आणि परत बांधून ठेवतात. बियाची पुरचुंडी त्यांनी कमरेला खोचली आणि आम्ही दुपारच्या पॅसेंजरला बसलो.

गाडीत त्या बोलत राहिल्या. मी त्यांना आयुष्यात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. यंदा उशीर झाला, पण पुढल्या पावसात अकराच वेल धरू, जास्त नको. शेपूचा वाफा मांडवाच्या सावलीत नको. ती मेम गेली का? गेली असेल, बिचारी हसरी होती. विहिरीचा काठ बांधून घेतला का? मी हो म्हणत होते. गोंदिया गेलं, डोंगरगड गेलं, राजनांदगाव गेलं. प्रत्येक स्टेशनावर मी ठरवायची, गाडी सुटली की सांगते. बाई विकायला इतकी पटाईत, आणि एक वाक्य तोंडातून निघेना.

दुर्गला उतरून आम्ही बसनं पॉवर हाऊसच्या नाक्यावर आलो आणि तिथून रिक्षा केली. रिक्षावाला रेल्वे फाटकाकडे वळला. गयाबाई एकदम पुढे झुकल्या. 'अरे बापू, इकडं कुठं? कुरुद तिकडं,' त्या म्हणाल्या आणि हातानं दाखवलं, बोट मुडपून. इतक्या वर्षांनी, भर रस्त्यात, जिथं सडायला एक फळ नव्हतं, तिथंही बोट मुडपून.

'बाई,' मी म्हणाले, 'बाडी विकली.'

रिक्षा फाटकाशी थांबली होती. मालगाडी जात होती, कारखान्याकडे कोळसा घेऊन, संपता संपत नव्हती.

'मले विचारलं नाई?' त्या म्हणाल्या.

'तुमी नव्हत्या.'

'मी होती ना,' गयाबाई म्हणाल्या. 'तू आली नाई.'

त्या लग्नापर्यंत राहिल्या. कुणाला वाटेल, रुसल्या असतील, अबोला धरला असेल. नाही. त्यांनी पापड लाटले, कुरड्या घातल्या, दुर्गाच्या केसांना रोज तेल लावलं. बाडीचं नाव काढलं नाही. फक्त सकाळी गच्चीवर जाऊन उभ्या राहायच्या. तिथून भट्ट्याचा धूर दिसतो, पण कुठला धूर भट्ट्याचा आणि कुठला कारखान्याचा हे मी त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

मार्गशीर्षात दुर्गाचं लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी ओटी भरायची होती. तांदूळ, नारळ, हळकुंड, सगळं ताटात होतं. गयाबाई भिंतीशी उभ्या होत्या. विधवेनं ओटी भरायची नसते. त्यांनी कमरेची पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली. पुरचुंडी कशाची होती ते मला न उघडता कळलं, ठिपके हाताला लागत नसले तरी.

'तुमीच घाला, बाई,' मी म्हणाले. 'मले चालते. दुर्गालेबी चालते.'

'लोकायले कावून बोलाले लावतं?' त्या हळूच म्हणाल्या. 'आई तू हाय तिची.'

त्यांनी टोमणा मारला नव्हता. मी नऊ वर्षांपूर्वी जे बोलले होते ते त्यांनी कबूल केलं होतं, एवढंच. ज्या हातानं त्या अकरा तोडल्या त्याच हातानं मी ते बी दुर्गाच्या ओटीत घातलं. डोंगरगडच्या तिच्या क्वार्टरामागे म्हणे थोडी माती आहे. पाऊस आला की लावीन म्हणते. गयाबाईंनी तिला किती वेल धरायचे ते सांगून ठेवलं आहे.

दुसऱ्या दिवशी गयाबाईंनी गाठोडं बांधलं. मी त्यांना पोचवायला दुर्गच्या स्टेशनावर गेले. चिंधू त्याच गाडीनं जाणार होता, त्यानं खिडकीपाशी जागा धरली. मी खाली फलाटावर उभी होते. गाडी हलायच्या आधी मी खिडकीचा गज धरला आणि म्हटलं, 'बाई, मी या पोळ्यालेच येतो तुमाले न्याले. पक्कं. आता वाट नाई पाहाले लावत.'

गयाबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

'कुठं नेशीन, हिरा?' त्यांनी विचारलं.

त्या खरंच विचारत होत्या. गाडी सुटली, माझा हात गजावरून सुटला, आणि चिंधूनं आतून हात हलवला.